एकच आज्ञावली, तीन पत्ते : मोबाईल अ‍ॅपच्या बांधणीतील मूल्ये

जून महिन्यात शाळा सुरू होतात, पटनोंदणी होते आणि हजेरीची नवी वही उघडली जाते. समजा, एखाद्या जिल्ह्याने या वहीच्या जोडीला मोबाईल अ‍ॅपवरून दैनंदिन हजेरी घ्यावयाचे ठरविले. अ‍ॅप तयार झाले, प्रशिक्षण पार पडले, शिक्षकांनी ते आपापल्या फोनमध्ये घेतले. रोज सकाळी वर्गावर हजेरी भरली जाऊ लागली आणि प्रत्येक वेळी पडद्यावर 'नोंद जतन झाली' अशी अक्षरे उमटू लागली. महिनाअखेर गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात अहवाल काढला, तेव्हा मात्र अर्ध्या तालुक्याचे रकाने रिकामे! शिक्षकांनी कुचराई केली नव्हती, दूरध्वनी यंत्रणेत दोष नव्हता आणि आज्ञावलीची एकही ओळ चुकीची नव्हती. प्रशिक्षणाच्या दिवशी अर्ध्या शिक्षकांना दिलेली प्रत चाचणीची होती. त्या प्रतीत चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता होता आणि तो सर्व्हर दर रविवारी रात्री पुसून कोरा केला जात होता.

हे उदाहरण काल्पनिक आहे. तथापि अशी चूक घडणे अगदी सहज शक्य आहे, कारण तिचे मूळ फक्त एका मूल्यात असते. हे मूल्य अ‍ॅप वापरणाऱ्याला दिसत नाही आणि वापर सुरू झाल्यावर बदलताही येत नाही. ते अ‍ॅपच्या बांधणीच्या वेळीच आत बसविले जाते. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकरी आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवरून स्वतः करू लागले. अंगणवाडी सेविका पोषण ट्रॅकरवर बालकांचे वजन व उंची नोंदवितात. ही अ‍ॅपे कशी बांधली गेली, हा येथे विषय नाही. परंतु मोबाईल अ‍ॅप हे कारभाराचे साधन झाले असताना, ते तयार करवून घेणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि ते वापरणाऱ्या शिक्षकांना व पंचायत सदस्यांना त्याच्या बांधणीची तोंडओळख असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखाचा हेतू तोच आहे.

बांधणी म्हणजे काय?

अ‍ॅप लिहिणारा तंत्रज्ञ संगणकावर जो मजकूर लिहितो त्याला मूळ आज्ञावली म्हणतात. ती माणसाला वाचता येते. फोनला मात्र ती जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. म्हणून ती भाषांतरित करून, तिला चित्रे, अक्षरसंच इत्यादी साहित्य जोडून व तिच्यावर अंकीय स्वाक्षरी करून एक बंद गठ्ठा तयार करतात. अँड्रॉइड फोनसाठी हा गठ्ठा बहुधा एपीके या नावाने ओळखला जातो, तर आयफोनसाठी आयपीए या नावाने. मूळ आज्ञावलीपासून गठ्ठा तयार होण्याच्या या क्रियेस तंत्रज्ञ 'बिल्ड' म्हणतात. आपण तिला बांधणी म्हणू.

छापखान्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. कार्यालयात लागणाऱ्या अर्जाचा मजकूर एकदा जुळविला की हजारो प्रती छापता येतात. अर्जाच्या माथ्यावर कार्यालयाचे नाव व पत्ता असतो. पुणे, नाशिक व अमरावती येथील कार्यालयांसाठी हाच अर्ज छापावयाचा झाल्यास कोणी सारा मजकूर तीन वेळा जुळवीत नाही. मजकूर तोच राहतो. माथ्यावरची एक ओळ छपाईपूर्वी बदलली जाते. एकदा छपाई झाली की मात्र ती ओळ प्रत्येक प्रतीवर कायम होते. अ‍ॅपच्या बांधणीत नेमके हेच घडते. आज्ञावली म्हणजे अर्जाचा मजकूर आणि बांधणीच्या वेळी दिलेली मूल्ये म्हणजे माथ्यावरची ओळ.

आज्ञावली वेगळी, मूल्ये वेगळी

एका अ‍ॅपची किमान तीन रूपे असावी लागतात. पहिले तंत्रज्ञाच्या टेबलावरचे, दुसरे चाचणीचे आणि तिसरे जनतेच्या हाती जाणारे. तिन्हींची आज्ञावली एकच असते, किंबहुना ती एकच असली पाहिजे. कारण ज्या आज्ञावलीची चाचणी झाली तीच लोकांच्या हाती गेली नाही तर त्या चाचणीला अर्थ उरत नाही. वेगळी असतात ती मूल्ये : सर्व्हरचा पत्ता, अ‍ॅपचे नाव, नकाशासारख्या बाहेरच्या सेवेची ओळख-किल्ली, आणि चुकांची तपशीलवार नोंद ठेवावयाची किंवा नाही याविषयीची सूचना.

ही मूल्ये आज्ञावलीतच लिहून टाकण्याचा मोह सुरुवातीला सर्वांनाच होतो. एकट्याचे काम असते तोवर ते चालूनही जाते. पुढे मात्र प्रत्येक बांधणीपूर्वी कोणीतरी आज्ञावली उघडून पत्ता बदलावयाचा, बांधणी करावयाची आणि मग तो परत पूर्ववत करावयाचा, असा क्रम सुरू होतो. घाईच्या दिवशी यांपैकी एक पायरी राहून जाते आणि लेखाच्या प्रारंभी सांगितलेला प्रसंग ओढवतो. याच्या उलटही घडू शकते. चाचणी करणाऱ्याच्या प्रतीत प्रत्यक्ष सर्व्हरचा पत्ता राहिला, तर त्याने गंमत म्हणून नोंदविलेले 'अ ब क' नावाचे विद्यार्थी शाळेच्या खऱ्या पटावर येऊन बसतात.

२०११ च्या सुमारास हेरोकू या कंपनीतील अ‍ॅडम विगिन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय सेवा उभारण्याची बारा सूत्रे मांडली. त्यांतील तिसरे सूत्र याच विषयाचे आहे. मूल्ये आज्ञावलीपासून पुरती वेगळी झाली आहेत किंवा नाहीत, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी त्यात दिली आहे. आपली संपूर्ण आज्ञावली या क्षणी जगापुढे खुली केली, तर एखादे गुपित उघडे पडेल काय? उत्तर 'होय' असेल तर विभाजन अपुरे आहे. ही सूत्रे मुख्यतः सर्व्हरवर चालणाऱ्या सेवांसाठी लिहिली गेली असली, तरी अ‍ॅपच्या आज्ञावलीलाही ही कसोटी लावता येते.

मूल्य आत कसे जाते?

बांधणीच्या वेळी बाहेरून मूल्य देण्याची पद्धत नवी नाही. १९७९ मध्ये बाहेर पडलेल्या युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत सी भाषेच्या भाषांतरकाला 'डी' या अक्षराची सूचना देऊन एखाद्या नावाला मूल्य देता येत असे. आज मोबाईल अ‍ॅप बांधण्याच्या बहुतेक साधनांत हीच कल्पना निरनिराळ्या वेषांत आढळते. अँड्रॉइडसाठी वापरले जाणारे ग्रेडल हे साधन बांधणीच्या वेळी 'बिल्डकॉन्फिग' नावाचा आज्ञावलीचा तुकडा स्वतःच लिहून त्यात मूल्ये ठेवते. आयफोनच्या अ‍ॅपसाठी एक्सकोड हे साधन मूल्यांची वेगळी फाईल वाचते.

एका साधनाचे उदाहरण जरा तपशिलात पाहू. फ्लटर हे गुगलचे साधन असून त्याची पहिली स्थिर आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. डार्ट भाषेत एकदा लिहिलेल्या आज्ञावलीपासून अँड्रॉइड व आयफोन या दोन्हींसाठी अ‍ॅप तयार होत असल्याने त्याचा प्रसार झपाट्याने झाला. बांधणीच्या वेळी मूल्य देण्यासाठी त्यात 'डार्ट-डिफाइन' ही सूचना आहे. बांधणीची आज्ञा देताना तंत्रज्ञ तिच्या शेवटी या सूचनेसह मूल्याचे नाव व मूल्य लिहितो. आज्ञा रोमन लिपीत टंकावी लागते; तिचा आशय मराठीत असा सांगता येईल : 'फ्लटर, अँड्रॉइडसाठी बांधणी कर; सर्व्हर-पत्ता म्हणजे चाचणीचा पत्ता असे समज.'

आज्ञावलीत त्या जागी पत्ता लिहिलेला नसतो. 'सर्व्हर-पत्ता या नावाने जे मूल्य बांधणीच्या वेळी मिळेल ते येथे घे' एवढेच लिहिलेले असते. डार्टमध्ये यासाठी 'फ्रॉम-एन्व्हायर्नमेंट' या नावाची सोय असून अक्षरे, पूर्णांक आणि होय-नाही अशा तीन प्रकारची मूल्ये तिच्याद्वारे घेता येतात. मूल्ये पाच-दहा झाली की ती दर वेळी टंकणे त्रासाचे होते. यास्तव २०२३ च्या प्रारंभी आलेल्या फ्लटरच्या ३.७ या आवृत्तीपासून सर्व मूल्ये एका फाईलमध्ये लिहून त्या फाईलचे नाव सांगण्याची सोय झाली. चाचणीची एक फाईल व प्रत्यक्ष वापराची दुसरी फाईल ठेवली की बांधणी करणाऱ्याला केवळ योग्य फाईल निवडावयाची असते. आज्ञावलीला हात लावावा लागत नाही.

रिकामी जागा बोलत नाही

या पद्धतीत एक खाचखळगा आहे आणि तो नवशिक्या तंत्रज्ञाला हमखास अडवतो. मूल्य द्यावयाचे राहून गेले किंवा त्याच्या नावात एका अक्षराची चूक झाली, तर डार्टमध्ये बांधणी थांबत नाही. अक्षरांच्या जागी कोरी अक्षरमाला, पूर्णांकाच्या जागी शून्य आणि होय-नाहीच्या जागी 'नाही' धरले जाते. रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे वेगळी मानली जात असल्याने नाव दिसावयास बरोबर असूनही जुळत नाही. अ‍ॅप तयार होते, उघडतेही; आणि पुढे कोठे तरी अडखळते.

आज्ञावलीत 'मूल्य न मिळाल्यास अमुक धरावे' असे पर्यायी मूल्य लिहून ठेवण्याची मुभा आहे. हा पर्याय सोयीचा, पण म्हणूनच धोक्याचाही आहे. पुष्कळदा तंत्रज्ञ आपल्या सोयीसाठी चाचणीच्या सर्व्हरचा पत्ताच पर्यायी मूल्य म्हणून लिहितो. मग प्रत्यक्ष वापराची बांधणी करताना मूल्य देण्याचे विसरले तरी काहीही बिघडल्यासारखे दिसत नाही. हजेरी भरली जाते, 'नोंद जतन झाली' असे दिसते आणि नोंदी भलतीकडे जातात.

यावर दोन साधे उपाय आहेत. पहिला असा की, सर्व्हरच्या पत्त्यासारख्या महत्त्वाच्या मूल्याला पर्यायी मूल्य देऊच नये आणि ते कोरे आढळल्यास अ‍ॅपने सुरू होतानाच स्पष्ट संदेश देऊन थांबावे. पहिल्याच मिनिटाला बंद पडलेले अ‍ॅप तंत्रज्ञाच्या टेबलावरच दुरुस्त होते. महिनाभर मुकाट चुकत राहिलेले अ‍ॅप शेकडो शिक्षकांची मेहनत वाया घालविते. दुसरा उपाय असा की, चाचणीच्या प्रतीचे नाव, चिन्ह व रंग वेगळे ठेवावेत आणि पडद्याच्या माथ्यावर 'चाचणी प्रत' असे ठळक अक्षरांत लिहावे. अँड्रॉइडमध्ये चाचणीच्या प्रतीला वेगळी अंतर्गत ओळख देता येते. त्यामुळे दोन्ही प्रती एकाच फोनवर शेजारी शेजारी राहू शकतात व एकीच्या जागी दुसरी चुकून बसत नाही.

छापलेले बदलता येत नाही

बांधणीच्या वेळी आत गेलेले मूल्य त्या प्रतीच्या आयुष्यभर तेच राहते. ते बदलावयाचे तर नवी बांधणी करावी लागते, नवा आवृत्ती-क्रमांक द्यावा लागतो, ती अ‍ॅपच्या दुकानात तपासणीसाठी पाठवावी लागते आणि शेवटी प्रत्येकाने ती आपल्या फोनवर घ्यावी लागते. ही शेवटची पायरी कार्यालयाच्या हातात नसते. ज्या पाड्यावर टेकडीवर चढल्याखेरीज फोनला रेंज मिळत नाही, तेथे जुनी प्रत महिनोन्‌महिने चालू राहते.

म्हणून कोणते मूल्य बांधणीत घालावे व कोणते घालू नये, याचा विवेक प्रारंभीच करावा लागतो. अ‍ॅपच्या त्या प्रतीशी जन्मभर निगडित असणारे मूल्य बांधणीत शोभते : सर्व्हरचा पत्ता, प्रतीचे नाव, ती चाचणीची की प्रत्यक्ष वापराची ही खूण. उलट, प्रशासकीय निर्णयाने बदलणारी मूल्ये तेथे घालू नयेत. पीक नोंदणीची अंतिम तारीख, मदत केंद्राचा दूरध्वनी क्रमांक, गावांची यादी, शाळेच्या सुट्ट्या या गोष्टी अ‍ॅपने सर्व्हरकडून वेळोवेळी घ्याव्यात. अंतिम तारीख बांधणीतच घातली आणि पुढे शासनाने मुदतवाढ दिली, तर जुन्या प्रतीच्या दृष्टीने मुदत संपलेलीच राहील. परिपत्रक निघूनही शेतकऱ्याच्या फोनवर नोंदणीचे दार बंद!

सर्व्हरच्या पत्त्याबाबत आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. हा पत्ता कार्यालयाच्या स्वतःच्या मालकीच्या नावावर असावा, कंत्राटदाराच्या नावावर नसावा. कंत्राट संपून ते नाव नूतनीकरणाअभावी सुटले आणि दुसऱ्या कोणी विकत घेतले, तर लोकांच्या फोनवरील जुन्या प्रती निष्ठेने त्याच पत्त्यावर माहिती पाठवीत राहतील.

छापलेले लपविता येत नाही

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बांधणीच्या वेळी दिलेले मूल्य आज्ञावलीत लिहिलेले नसते, म्हणून ते गुप्त राहते, असा समज आढळतो. हा समज चुकीचा आहे. मूल्य आज्ञावलीतून निघाले, पण गठ्ठ्यात गेले. आणि गठ्ठा तर प्रत्येक नागरिकाच्या हाती आहे. एपीके हा वस्तुतः झिप प्रकारचा, म्हणजे घडी घालून आकसलेला गठ्ठाच असतो. तो उलगडून आतील अक्षरे वाचण्याची साधने सर्वत्र उपलब्ध आहेत. आज्ञावलीतील नावे अगम्य करून टाकण्याची सोय फ्लटरमध्ये आहे. परंतु तिच्यामुळे नावे बदलतात, आत ठेवलेली मूल्ये कुलूपबंद होत नाहीत.

हा धोका कागदावरचा नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे निकोलस व्हिएनो व प्राध्यापक जेसन नीह यांनी गुगलच्या अ‍ॅप-दुकानातील अकरा लाखांहून अधिक अ‍ॅपांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी 'प्लेड्रोन' हे साधन तयार केले होते. अ‍ॅपे उलगडून पाहता त्यांत हजारो गुप्त किल्ल्या उघड्या सापडल्या. या किल्ल्यांच्या बळावर वापरकर्त्यांची माहिती वा सर्व्हरवरील साधने परक्याच्या हाती जाऊ शकली असती. विकसकांनी त्या आत ठेवल्या होत्या, त्या कोणी वाचणार नाही या भरवशावर.

तिजोरीच्या कुलपाचा आकडा प्रत्येक छापील अर्जाच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत छापण्यासारखाच हा प्रकार होय. अक्षर बारीक आहे म्हणून आकडा गुप्त राहत नाही. यास्तव माहितीकोशाचा परवलीचा शब्द, लघुसंदेश पाठविणाऱ्या सेवेची गुप्त किल्ली, देयकांच्या सेवेची गुप्त किल्ली ही बांधणीत कधीही घालू नयेत. ही गुपिते सर्व्हरवरच राहावीत. लघुसंदेश पाठवावयाचा असेल तर अ‍ॅपने आपल्या सर्व्हरला विनंती करावी आणि सर्व्हरने आपल्याजवळील किल्ली वापरून तो पाठवावा. शिक्षकाने आपली ओळख पटवून प्रवेश केला की सर्व्हरने त्याला अल्पमुदतीचा परवाना द्यावा. त्यावर त्याच्या वर्गापुरतेच काम व्हावे.

काही किल्ल्या अ‍ॅपमध्ये ठेवणे भागच असते. उदाहरणार्थ, गुगलच्या नकाशा सेवेची किल्ली. अशा किल्लीवर निर्बंध घालता येतात. ती अमुक नावाच्या व अमुक स्वाक्षरीच्या अँड्रॉइड अ‍ॅपकडून आली तरच मान्य करावी व नकाशाखेरीज अन्य सेवेसाठी चालू नये, असे त्या सेवेच्या नियंत्रण-कक्षात नोंदविता येते. अशी किल्ली कोणी वाचली तरी तिचा गैरवापर करणे अवघड होते.

स्वीकृतीपूर्वी विचारावयाचे प्रश्न

अ‍ॅप तयार करवून घेणाऱ्या अधिकाऱ्याला डार्ट भाषा येण्याची गरज नाही. इमारत ताब्यात घेताना आपण सिमेंट स्वतः कालवीत नाही. परंतु गळती आहे काय, हे पाहतो. तद्वतच अ‍ॅप स्वीकारताना पुढील प्रश्न विचारावेत व त्यांची उत्तरे लेखी घ्यावीत.

१. बांधणीच्या वेळी कोणकोणती मूल्ये दिली जातात? त्यांची नावे, अर्थ व चाचणी-प्रत्यक्ष अशी दोन्ही रूपे यांची यादी कार्यालयाच्या दप्तरी आहे काय?

२. एखादे आवश्यक मूल्य न देता बांधलेली प्रत काय करते? ती आमच्यासमोर चालवून दाखवावी.

३. चाचणीची प्रत व प्रत्यक्ष वापराची प्रत पडद्यावर पाहताक्षणी वेगळी ओळखता येते काय?

४. अ‍ॅपचा गठ्ठा उलगडला तर कोणती किल्ली हाती लागेल आणि तिच्यावर कोणते निर्बंध आहेत?

५. सर्व्हरचा पत्ता कोणाच्या मालकीचा आहे? कंत्राट संपल्यावर मूल्यांच्या फाईली व स्वाक्षरीची किल्ली कार्यालयाच्या ताब्यात येईल काय? स्वाक्षरीची किल्ली हरवल्यास जुन्या प्रतीवर नवी सुधारित प्रत बसविणे अडचणीचे होते, हे येथे ध्यानात ठेवावे.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनीही एक साधी कसोटी लावावी. नवे अ‍ॅप हाती येताच त्यावर एक खरी नोंद करावी आणि ती तालुका कार्यालयाच्या अहवालात दिसली किंवा नाही, हे त्याच दिवशी विचारून घ्यावे. फोनवरील 'नोंद जतन झाली' ही अक्षरे नोंद कोठे जतन झाली हे सांगत नाहीत. तसेच अ‍ॅप अधिकृत दुकानातूनच घ्यावे. प्रशिक्षणात कोणी संदेशाद्वारे पाठविलेली प्रत तशीच वापरीत राहू नये.

नागरिकांच्या वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला. मुलांची नावे, शेतकऱ्यांची गटवार पिके, मातांची आरोग्यविषयक नोंद ही सारी माहिती लोकांनी शासनावर विश्वास ठेवून दिलेली असते. ती योग्य ठिकाणी पोहोचणे आणि भलत्या हाती न पडणे या दोन्ही गोष्टी पुष्कळ अंशी बांधणीच्या वेळी लिहिलेल्या चार-पाच ओळींवर अवलंबून असतात. त्या ओळी कोणी लिहिल्या, कोणी तपासल्या आणि कोणाच्या दप्तरी ठेवल्या, याची नोंद हजेरीच्या वहीइतक्याच काळजीने ठेवली गेली, तर जूनमध्ये वर्गावर भरलेली हजेरी महिनाअखेरच्या अहवालात जागच्या जागी दिसेल.